हक्काचा डबा

माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढचा जन्म मिठागरात गेला, माझाही आणि बायकोचाही. लिहिण्यात चुका असतील. सांगण्यात नाहीत.

पेणला रामवाडीत आमचं घर. पुढं लांब पडवी. पावसाळ्यात हमरापूरचा एक मूर्तीवाला त्या पडवीत गणपती आणून ठेवतो, कारण त्याच्या कारखान्यात जागा पुरत नाही. पेणमध्ये हे पुष्कळ घरांत चालतं. त्या दिवसांत आम्ही मूर्तींच्या मधून अंग चोरून घरात जातो-येतो.

नगरपालिकेनं घरटी दोन डबे वाटले. ओल्या कचऱ्याला हिरवा, सुक्याला निळा, दोन्ही झाकणाचे. वाटणारा आमच्या दारात आला तेव्हा पडवी गणपतींनी भरलेली, आणि मूर्तीवाल्याचा रंगारी रंग मारत बसलेला. वाटणाऱ्यानं आत डोकावलंसुद्धा नाही. कारखाना म्हणून लिहिलं आणि पुढं गेला. आळीत सगळ्यांना डबे मिळाले, आम्हाला नाही.

एरवीही मी गप्प बसलो नसतो. पण त्या साली डब्याची गरज खरीच होती. बायकोला साखर. तळपायाला जखम झालेली, रोज मी पट्टी बदलायचो. पू लागलेल्या पट्ट्यांची पिशवी पडवीत देवांसमोर ठेवायला ती तयार नव्हती. म्हणून मी ती फाटकाला टांगायचो, आणि घंटागाडी यायच्या आधी कुत्री ती फाडायची. आळीभर पट्ट्या. एकदा एक पट्टी शेजारणीच्या तुळशीपाशी गेली. शेजारीण फाटकात येऊन म्हणाली, "काय गो, तुझ्या पायाची घाण आमच्या दारात कशाला?" बायको उठली. लंगडत गेली, पट्टी उचलून आणली आणि दिवसभर जेवली नाही.

मी नगरपालिकेत गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, "बाबा, तुमची नोंद कारखान्यात हाय. कारखान्यानं आपला डबा आपण आणायचा."

"कारखान्यात चूल असते का? येऊन बघा."

"मग गणपती हलवा. मोकळं घर दाखवा नि डबा न्या."

"ओल्या रंगाचे देव पावसात कुठं काढू? तुमच्या टेबलावर आणून ठेवू?"

"आणा की. आरती करू," तो म्हणाला. मागचे सगळे हसले. मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. मग जातच राहिलो.

मुलगा रोह्याला असतो, कंपनीत. शिफ्ट संपवून एक दिवस झाकणाचा डबा घेऊनच आला. "बाबा, कशाला भांडत बसता? हा वापरा."

मी तो डबा धुतला, पुसला आणि त्यात तांदूळ भरले.

बायको म्हणाली, "अवो, डबा तो डबा. झाकण हाय ना त्याला?"

"घरपट्टी भरतो मी. नगरपालिकेचाच येईल, हक्काचा."

तिनं पट्टीची गुंडाळी जवळ ओढली. मग म्हणाली, "बरं. तुम्ही जा तिकडं. पट्टी माझी मी करीन."

त्यानंतर पिशवी हलकी होत गेली. कुत्री आमचं फाटक सोडून पुढं जायला लागली. मला वाटलं, जखम भरत आली. विचारलं की म्हणायची, "सुकत चाललीय."

गणपती जवळ आले. एका सकाळी रंगारी नाकाला रुमाल लावून म्हणाला, "आजोबा, उंदीर मेलाय कुठंतरी." आम्ही दोघांनी एकेक मूर्ती जपून सरकवली, मागं बघितलं, भिंतीच्या कडेनं काठी फिरवली. उंदीर मिळेना. बायको आत खाटेवर बसून आमच्याकडे बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "उगा देव हलवू नका. उंदीर नाय. माझा पाय हाय."

वरची पट्टी स्वच्छ होती. आतली किती दिवसांची, ते तिनं सांगितलं नाही. "टाकली की कुत्री आळीभर न्यायची," एवढंच म्हणाली.

मुलगा तिला रोह्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. पाय गुडघ्याखालून काढला. गणपती आले नि गेले, आम्ही रोह्यालाच.

घरी परतलो तेव्हा पडवी रिकामी होती. भिंतीवर नुसते रंगाचे शिंतोडे. थोड्याच दिवसांत नगरपालिकेचा माणूस दोन डबे घेऊन दारात उभा. पडवीभर नजर फिरवून म्हणाला, "हे तर राहतं घर हाय, बाबा. आधी सांगायचं ना."

माझ्या तोंडात आलं होतं ते मी बोलणार, तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "ठेव रे तिकडं, फाटकाजवळ." आणि मला म्हणाली, "असू द्या. भाजीची देठं टाकू."

डबा आमच्या हक्काचा होता. हे मी आजही म्हणतो, त्या खिडकीवर जाऊनही म्हणेन. तांदूळ अजून रोह्याच्या डब्यातच आहेत. भाताला घेताना बायको बसल्या जागी झाकण काढते आणि पुन्हा घट्ट दाबून लावते.

कुत्री अधूनमधून येतात, फाटकाजवळच्या डब्याचं झाकण हुंगतात. बायको दारात बसून बघत राहते. कुत्री गेली की मगच ती हातांवर भार देत आत सरकते.