काट्यावर टाकलेलं टेस्टिंग

डोणगावजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, मी वजनकाट्याचा संगणक सांभाळायचो. जिकडे पाहावं तिकडे बीटी कापूस, अशी ती वर्षं होती. एका हंगामाच्या शेवटी मालकांनी मला शाल-नारळ दिला, ऐन गर्दीत काटा चालू ठेवला म्हणून. खरं तर ती शाल माझ्या मित्राच्या हक्काची होती. तो पिंजाऱ्याच्या घरचा, गावात संगणक दुरुस्त करणारा. काट्याच्या संगणकावरची लिनक्स प्रणाली मला त्यानेच शिकवली.

लिनक्सचे प्रोग्राम दोन भांडारांतून घेता येतात, हे त्याने आधीच समजावलं होतं. स्टेबलमधलं जुनं, पण पारखलेलं. टेस्टिंगमधलं ताजं, पारख अजून चालू असलेलं. काट्यावर स्टेबलच ठेव, असंही बजावलं होतं. पण पावतीवर जोडाक्षरं तुटायची. टेस्टिंगमध्ये ती नीट येतात असं कळलं आणि मी काट्याचा संगणक तिकडे वळवला. सकाळी पावतीवर 'शेतकऱ्याचे नाव' सुरेख उमटलं. वजनच उमटेना.

संगणकाशिवाय आकडा दिसायची सोय नव्हती. बाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग, वर आभाळ भरून आलेलं. एक बाई ट्रॉलीवर चढून कापसावर घरातली चादर पसरत होती. "काटा तुमचा बंद, अन् कापूस आमचा भिजन!" ती ओरडली.

मी मित्राला फोन केला. त्याने येऊन पडद्याकडे पाहिलं.

"टेस्टिंग टाकलं काय बे इथं?"

"हाव."

"सारं वावर नव्या बियाण्यानं पेरते काय कोणी? आधी कोपऱ्यात दोन ओळी पेरून पाहा लागते."

"आता तर सारेच पेरून राह्यले."

"अन् सोबतचं पाकीट बांधावर फेकून राह्यले!"

बोंडअळी बीटीला सरावू नये म्हणून बीटीच्या पिशवीसोबत कडेने लावायला साध्या बियाण्याचं पाकीट यायचं. घरच्या वावरात पेरताना मीही ते फेकायचो. त्याने मात्र स्टेबलच्या सीड्या आणि काट्याच्या प्रोग्रामची प्रत घरी जपून ठेवली होती. टेस्टिंगवरून सरळ मागे येता येत नाही, म्हणून त्याने सगळं पुसून स्टेबल नव्याने बसवलं. त्या बाईची ट्रॉली आधी घेतली. शेवटची ट्रॉली शेडखाली रिकामी होत असताना पाऊस आला.

मालक त्या दिवशी शेगावला गेले होते. "त्यायले काही सांगू नको," मित्र जाताना म्हणाला, "नोकरी जाईन तुही."

त्या नोकरीवर माझ्या मुली शिकल्या. शाल घेताना त्याचं नाव ओठांवर आलं होतं, मी गिळलं. आता जिनिंगच बंद पडली आहे, म्हणून लिहितो: काटा त्याने चालू केला. मी फक्त पावत्या फाडल्या.