विलायती साप्ताहिकांतल्या सोशिक मुली

राजेश्वरीचे वडील गुरप्पा सोलापुरात नव्या पेठेत रद्दीचा धंदा करायचे. सत्तरच्या दशकात त्यांच्याकडे मुंबईहून परदेशी रद्दीचे गठ्ठे यायचे, आणि त्यात विलायतेतल्या मुलींची चित्रसाप्ताहिकं भरपूर असायची. त्या कागदाच्या पिशव्या बऱ्या व्हायच्या. आई खळ शिजवायची, राजेश्वरी आणि तिच्या बहिणी कागद मोडून चिकटवायच्या, आणि त्या पिशव्या किराणा दुकानांत जायच्या. चिकटवण्याआधी राजेश्वरी प्रत्येक पान वाचून घ्यायची. शाळा मराठी, घरात कन्नड. इंग्रजी ती या पानांवरच शिकली. आधी नुसती चित्रं बघायची, मग चित्रांतल्या मुलींच्या तोंडच्या फुग्यांतली अक्षरं लावत बसायची.

गोष्टी बहुतेक दुःखाच्या. आईबाप मेलेली मुलगी काकूकडे तळघरात राबते आहे. नाचणाऱ्या मुलीचा पाय अधू होत चालला आहे आणि तिनं ते सगळ्यांपासून लपवलं आहे. धाकट्या बहिणीची चोरी थोरलीनं आपल्या अंगावर घेतली आहे. या मुली रडायच्या, पण तक्रार करायच्या नाहीत. ऐन वेळी पान संपायचं आणि तळाशी लिहिलेलं असायचं की पुढचा भाग पुढल्या आठवड्यात. तो पुढला आठवडा गठ्ठ्यात असेलच असं नसायचं. क्वचित एखादा शेवट हाती लागायचा. त्यात खरं काय ते उघड व्हायचं, काकू खाली मान घालायची आणि कुणीतरी मुलीला पोटाशी धरायचं. न मिळालेले शेवटही असेच असणार, हे राजेश्वरीनं धरून टाकलं.

लग्न मल्लिनाथशी झालं. त्याचं कापडाचं दुकान होतं, घर खाऊनपिऊन सुखी. पहिल्याच वर्षी, ती माहेरी ठरल्यापेक्षा जास्त राहिली म्हणून, त्यानं तिच्या तोंडात मारली. नंतर नंतर कारण लागेनासं झालं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. कपाळावर टेंगूळ दिसलं की कपाटाचं दार लागलं म्हणून सांगायची. सासरची माणसं चार लोकांत तिचं नाव काढत. राजेश्वरीसारखी सोशिक सून मिळायला भाग्य लागतं, असं सासू मरेपर्यंत म्हणत होती, आणि ते ऐकून राजेश्वरीला बरं वाटायचं.

एकच मुलगी झाली, काव्या. तिला झोपवताना राजेश्वरी त्याच विलायती गोष्टी कन्नडमधून सांगायची. ज्यांचा शेवट माहीत नव्हता त्यांना स्वतःच शेवट जोडायची, आणि प्रत्येक शेवटी गप्प राहिलेल्या मुलीचं भलं व्हायचं. काव्याला अक्कलकोटजवळ मैंदर्गीला दिलं. जावई सिद्धाराम, खतं-बियाण्यांचं दुकान चालवणारा, बोलायला गोड.

राजेश्वरी निवृत्त झाली त्या वर्षी श्रावणात काव्या अचानक माहेरी आली. डावा गाल सुजलेला होता. कानात सारखं गुणगुणतंय, म्हणाली. राजेश्वरीनं फडकं गरम करून शेकलं. काय झालं हे विचारलं नाही, कारण विचारायची गरज नव्हती.

“अव्वा, मला परत पाठवू नकोस,” काव्या म्हणाली.

“थोडं सोस. सगळं नीट होतं बघ शेवटी.”

सण झाल्यावर तिनं मुलीची ओटी भरली आणि स्वतः स्टँडवर जाऊन तिला एसटीत बसवलं. काव्या खिडकीशी बसली होती, पण तिनं मागं वळून पाहिलं नाही.

पुढं गणपतीच्या सुमारास कुंडलिक सरांचा फोन आला. ते शाळेतले जुने सहकारी, आता मुलांचा दिवाळी अंक काढायचे. शिक्षकखोलीत राजेश्वरीकडून त्या साप्ताहिकांबद्दल त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं. त्यांनी तिला विलायतेतल्या मुलांच्या साप्ताहिकांचा इतिहास लिहायला सांगितला. मुलांना आवडेल असा, हसतखेळत.

तिनं मनावर घेतलं. मल्लिनाथ दुकानात गेला की दुपारभर मोबाइलवर वाचायची आणि कागदावर उतरवायची. ही साप्ताहिकं सुरुवातीला मुलांची नव्हतीच. तिकडचे कारकून आणि कामगार कामावर जाता-येता वाचायचे तो अगदी स्वस्तातला कागद होता, मुलांनी तो हळूहळू आपलासा केला. महायुद्धात कागद मिळेना तेव्हा काही साप्ताहिकं आठवड्याआड निघू लागली. चित्रकारांची नावं बहुधा छापत नसत, आणि त्यांची मूळ चित्रं पुढं किती तरी फेकून दिली गेली. एखाद्याचा खप बसला की ते दुसऱ्यात मिसळून टाकायचे, आणि मुखपृष्ठावर मात्र आनंदाची बातमी म्हणून छापायचे. वाचताना राजेश्वरीला मजा वाटत होती. लहानपणी आपण ज्यांना खळ लावत होतो त्या पानांची वंशावळ तिला पहिल्यांदाच कळत होती.

मग तिला एका म्हाताऱ्या संपादकाची मुलाखत सापडली. मुलींची साप्ताहिकं त्यानं बरीच वर्षं सांभाळली होती. प्रत्येक अंकात एक कूपन असायचं, त्यानं सांगितलं होतं. आवडत्या गोष्टी कोणत्या ते मुलींनी त्यावर लिहून पाठवायचं. मतं कमी पडली की ती गोष्ट दोन-चार आठवड्यांत आटोपती घ्यायची. मतं भरपूर पडली की लेखकाला निरोप जायचा, अजून लांबव. आणि सगळ्यात जास्त मतं नेहमी सोसणाऱ्या मुलींना पडत. म्हणून त्यांची सुटका जवळ आली की तिथं नवं संकट आणायचं.

राजेश्वरीनं मोबाइल खाली ठेवला. तळघरात राबणारी ती मुलगी तिला आठवली. चांगलं वागून तिच्या गोष्टीचा शेवट जवळ येत नव्हता. ती निमूट सोसत होती आणि ते बघायला सगळ्यांना आवडत होतं, म्हणूनच तिला तिथं ठेवलं होतं. तिच्यासाठी रडणाऱ्या मुलींनीच ठेवलं होतं. राजेश्वरीला सासू आठवली, नणंदा आठवल्या, आणि मग एसटीच्या खिडकीतली काव्या.

तिनं काव्याला फोन लावला. बंद होता. सिद्धारामला लावला तर तो म्हणाला, ती झोपली आहे. दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ दुकानात गेल्यावर ती मैंदर्गीच्या गाडीत बसली.

दार काव्याच्या सासूनं, शिवबाईनं उघडलं. “बर्री, बर्री, या, बसा की,” म्हणत चटई अंथरली. काव्याला जरा कणकण आहे, आत पडली आहे, असं सांगितलं. राजेश्वरी बसली नाही. आतल्या खोलीत काव्या भिंतीकडे तोंड करून, उजव्या कुशीवर झोपली होती. राजेश्वरीनं हाक मारली. पुन्हा मारली. हात लावला तेव्हा काव्या दचकून उठली. डाव्या कानात कापसाचा बोळा होता, पिवळा झालेला, आणि त्याला घाण वास येत होता.

“कान फुटलाय नुसता,” मागून शिवबाई म्हणाली. “लसणाचं तेल घालतोय की आमी.”

तोवर कुणीतरी सिद्धारामला दुकानातून बोलावून आणलं होतं. त्यानं वाकून नमस्कार केला, जेवून जायचा आग्रह केला. राजेश्वरी काव्याला उठवून चपला घालायला लावत होती हे बघून त्याचा आवाज बदलला.

“ती कुटं जाणार न्हाय.”

“मी तिला घेऊन निघालेय,” राजेश्वरी म्हणाली. “अडवायचं असेल तर बाहेर रस्त्यावर अडवा. लोकांसमोर.”

ती काव्याचा हात धरून चालत राहिली. सिद्धारामनं अडवलं नाही. तो दारात उभा राहून शेजाऱ्यांकडे बघून हसत होता. काव्यानं बरोबर काहीच घेतलं नाही.

सोलापुरात कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. मारानं कानाचा पडदा फाटला होता, तो तसाच राहून पू आत उतरला होता आणि मागचं हाड सडायला लागलं होतं. ऑपरेशन झालं, जिवावरचं टळलं, पण त्या कानाचं ऐकणं गेलं. सूज आली तेव्हाच आणलं असतं तर पडदा बहुतेक भरून आला असता, असं डॉक्टर म्हणाले. काव्या शेजारीच बसली होती. ते तिच्या उजव्या बाजूला बोलत होते, त्यामुळे तिला सगळं ऐकू गेलं.

मल्लिनाथनं मुलीला घरात घेतलं नाही. दिलेली लेक परत आणून ठेवली तर पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तुला यायचं तर ये, तिला तिच्या घरी सोडून ये, त्यानं बायकोला बजावलं. राजेश्वरीनं दोन पिशव्या भरल्या आणि अक्कलकोट रोडकडे, यंत्रमागांच्या वस्तीत दोन खोल्या घेतल्या. दिवसभर मागांचा खडखडाट. काव्या शेजारच्या तेलुगू बायकांबरोबर टॉवेलच्या कडा शिवायला जाऊ लागली. पोलिसांत तक्रार दिली. सासरच्यांनी लिहून दिलं की ती न्हाणीघरात पाय घसरून पडली.

लेख राजेश्वरीनं दवाखान्यातच बसून पुरा केला होता. तो छापून आला तेव्हा त्यात कूपनाचा मजकूर नव्हता. कुंडलिक सरांनी फोनवर माफी मागितली, पण मुलांच्या अंकात ते बरं दिसलं नसतं, असंही म्हणाले. अंक वाचून तिच्या नणंदेचाही फोन आला. तिनं लेखाचं कौतुक केलं आणि मग मूळ विषयावर आली. इतकी वर्षं काढलीस, आता म्हातारपणी कशाला हे. तू तर किती सोशिक. राजेश्वरीनं फोन ठेवला.

एका संध्याकाळी टॉवेलांच्या घड्या घालताना काव्यानं विचारलं, “श्रावणात तुला कळलं होतं ना?”

“कळलं होतं.”

“मग?”

“मला वाटायचं, गप्प राहिलं की शेवटी चांगलं होतं. माझं झालं नव्हतं, तरी वाटायचं. तुलाही मी तेच शिकवलं.”

काव्यानं घडी पुरी केली, गठ्ठ्यावर ठेवली आणि पुढचा टॉवेल घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस दोघींत कामापुरतंच बोलणं होतं. आईनं तिचे केस विंचरायला घेतले तर ती उठून जायची.

कोर्टात काव्याच्या जबानीची तारीख लागली तेव्हा राजेश्वरी बरोबर गेली. सिद्धाराम आणि शिवबाई बाहेर व्हरांड्यात समोरच्या बाकावर बसले होते. मल्लिनाथही आला होता आणि त्यांच्या शेजारी बसला होता. पुकारा झाला तो काव्याला नीट कळला नाही. वकिलांनी खूण केली तशी ती उठली. राजेश्वरीही उठली.

“तू इथंच बस,” काव्या म्हणाली. “मी सांगते सगळं. तुझंही सांगणार आहे, श्रावणातलं.”

राजेश्वरी खाली बसली. दार लोटलं गेलं आणि बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही.