शेजारच्या पेटीतलं बाळ

माझी लेक सातव्या महिन्यातच जन्मली आणि थेट काचेच्या पेटीत गेली. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमधून मी रोज सकाळी हॉस्पिटलात यायचे, नळ्या सांभाळत तिला उघड्या छातीशी धरायचे आणि तासन्‌तास बडबडायचे. आईचा आवाज बाळाला कळतो, असं तिथल्या सिस्टर सांगायच्या. मी मूळचीच बोलघेवडी, मला निमित्तच हवं होतं.

शेजारच्या पेटीत एक मुलगा होता. त्याची आई मानेसरची, शहराबाहेर दीड-दोन तासांवरची. नवरा कारखान्यात, घरी दोन वर्षांची थोरली. तिला चार दिवसांतून एकदा येणं जमायचं. एकदा निघताना तिने माझा हात धरला.

"दीदी, आप तो रोज़ आती हैं. मेरे वाले से भी दो बात कर लेना."

"हाँ, बिल्कुल," मी म्हटलं.

आणि बोलले नाही. एकदाही नाही. त्याचं वजन घटत होतं, माझ्या लेकीचं गुंजभर का होईना, वाढत होतं. त्याच्याकडे पाहिलं तर त्याचं दुखणं हिला लागेल, असं माझ्या मनाने घेतलं. एम.एस्सी. झालेली बाई मी! पण भीतीपुढे शिक्षण कुठलं टिकतंय? मी खुर्चीच फिरवून घेतली, त्याच्याकडे पाठ येईल अशी.

पुढच्याच आठवड्यात तो गेला. निरोप मिळून ती पोहोचेपर्यंत दुपार झाली. बाहेरच्या बाकावर ती नुसती बसून होती. मी जवळ जाऊन बसले.

"आप बोलती थीं ना उससे?"

"हाँ."

"क्या बोलती थीं?"

"मराठी में बोलती थी." वाटलं, एवढ्यावर सुटेन.

"वही बोलिए. मुझे सुनना है."

मग मी बोलले. "काय रे शोन्या, उठलास का? भूक लागली माझ्या राजाला? आई निघाली आहे हं, येईलच इतक्यात."

ती डोळे मिटून ऐकत होती. मी थांबले की "और?" म्हणायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी मी बोलत राहिले. त्या पोराशी मी पहिल्यांदा बोलले ती अशी, तो गेल्यावर.