वडाखालची छत्री

आमचे शेजारी काका दाट सावलीतही अंगणात छत्री उघडून बसत, कारण वरच्या वडावर शेकडो वटवाघळं टांगलेली असत आणि खाली शिटत. माणूस पक्का नास्तिक. उज्जैनात राहून देवळाची पायरी चढला नाही, पण वटवाघळांना रोज शिव्या घाली. "मध्यभारत राज्य गेलं, राजधानी भोपाळला गेली, हे हलकट मात्र हलत नाहीत."

बदलून आलेल्या नव्या सरकारी साहेबाला वटवाघळं अशुभ वाटली. त्याने वड तोडायचा हुकूम दिला. मी रविवारी निषेधसभा ठरवली. कुऱ्हाडवाले गुरुवारीच आले.

बुंध्याशी एक दगड होता, ओल्या शेंदराने माखलेला. काका हात जोडून उभे.

"भैया, भैरव बाबा का थान है. चलाओ कुल्हाड़ी. घर में बता के आए हो ना?"

माणसं पाया पडून परतली.

मी शेंदराच्या देवांविरुद्ध पत्रकं छापणारा. संतापलो. "काका, तुम्हीसुद्धा?"

"क्षिप्रेकाठचे अर्धे उंबर, पिंपळ या वटवाघळांच्याच विष्ठेतून उगवलेत रे. तुझी सभा कधी आहे?"

त्यांनी माझं पत्रक मागून शांतपणे वाचलं.

"अक्षर न् अक्षर खरं आहे," म्हणाले, आणि त्यानेच छत्री पुसली.