दोन सभागृहं आणि एक स्वयंपाकघर

सोमवारी सकाळी नऊ वाजता माझा नवरा कंपनीच्या स्टोअरच्या दारात खाली बसला आणि उठला नाही. दहाला फोन आला. अकराला मी हॉस्पिटलात होते. बाराला मी एका कागदावर सही केली. तो डिसेंबर होता आणि मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती.

ती परीक्षा देईपर्यंत आम्ही दोघी कुठे राहणार, हा प्रश्न एका राज्यघटनेमुळे उभा राहिला. ती घटना माझ्याच अक्षरात होती. म्हणून आधी तिच्याबद्दल सांगते.

आम्ही आखातात, अबू हमूरला एका व्हिलात राहायचो. व्हिला म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांना कारंजं दिसायचं. आमच्या व्हिलात चार बिऱ्हाडं, एक स्वयंपाकघर आणि दोन न्हाणीघरं होती. एका खोलीत आम्ही तिघं. शेजारच्या खोलीत वसईची एक नर्स आणि तिचा नवरा. तिला सगळे सिस्टर म्हणत. मागच्या मोठ्या खोलीत सहा पुरुष, बहुतेक मराठवाड्यातले, कुणी वायरमन, कुणी ड्रायव्हर, बायकापोरं गावाला. आणि जिन्याखालच्या खोलीत मालवणकडचे एक टायपिस्ट काका. ते बिन महमूद भागातल्या एका ऑफिसात इंग्रजी पत्रं बडवायचे आणि घरी आल्यावर कुणाशी बोलायचे नाहीत.

अमेरिका आमच्याकडे फ्रिजबरोबर आली. दुखानच्या तेलवाल्यांच्या वसाहतीतला एक अमेरिकन कायमचा परत चालला होता. त्याचा फ्रिज आम्ही घेतला तेव्हा त्यानं पुस्तकांचं एक खोकंही गळ्यात मारलं. त्यात गोल्फ कसा खेळावा, टर्की कशी भाजावी आणि त्यांची राज्यघटना कशी तयार झाली, अशी पुस्तकं होती. पहिल्या दोन विषयांत मला गती नव्हती. तिसरं मी दुपारी वाचायची आणि संध्याकाळी पोळ्या लाटताना नवऱ्याला सांगायची. पुस्तक मी वाचलं, भाषणं त्यानं केली. आमच्या संसारातली ही कामाची वाटणी जुनीच होती.

वाचताना मला सारखा आमचा व्हिला आठवायचा. इंग्रजांना हाकलून दिल्यावर त्या तेरा राज्यांनी आधी एक ढिला करार केला होता. त्यात काहीही बदलायचं तर तेराही जणांचा होकार हवा. त्यामुळे काहीच बदलायचं नाही. आमचंही तसंच. पहाटे शेगडी कुणाची, यावर चारही खोल्यांचं एकमत व्हावं लागे, आणि तोवर सिस्टरची ड्यूटीची बस निघून जाई.

मग एक प्रकरण झालं. आमच्या आधी आमच्या खोलीत राहणारा माणूस नोकरी बदलून दुबईला गेला होता आणि त्याची बायको, मुलं आणि दोन मेहुणे पुढे आठ महिने ती खोली अडवून बसले होते. मोठ्या खोलीतल्यांनी ती गोष्ट आल्यापासून आम्हाला पन्नासदा ऐकवली होती. एका उन्हाळ्यात पुन्हा शेगडीवरून भांडण लागलं, त्यात ही जुनी गोष्ट निघाली, आणि माझा नवरा हातातलं ताट खाली ठेवून म्हणाला, "आपल्याला घटना पाहिजे."

"घटना काय करायची साहेब," वायरमन म्हणाला, "दुसरी शेगडी आणा की."

तरी शुक्रवारी सगळे मधल्या हॉलमध्ये जमले. फिलाडेल्फियाला घटना लिहिणाऱ्या त्या सभेनं बातमी फुटू नये म्हणून भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घेतल्या होत्या. आम्ही एसीची थंडी फुटू नये म्हणून लावून घेतल्या. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा माणूस आजारी होता, त्याला तुरुंगातले कैदी पालखीतून आणत. आमचे सगळ्यात म्हातारे टायपिस्ट काका आलेच नाहीत. त्यांच्याही तेरांपैकी एका चिमुकल्या राज्यानं एकही माणूस पाठवला नव्हता. हे मी नवऱ्याच्या कानात सांगितलं आणि त्यानं लगेच उभं राहून सगळ्यांना सांगितलं.

मी बोलवायला दार वाजवलं तेव्हा काका आतून म्हणाले, "माका तुमची सभा नको. न्हाणीघराक कडी बसवा, तेवढा पुरे."

भांडण तिकडे झालं तेच इकडे झालं. मोठी खोली म्हणे, माणशी मत द्या, आम्ही सहा आहोत. सिस्टर म्हणे, खोलीला मत द्या, नाहीतर तुम्ही सहा जण रोज सुकट तळाल. तिसऱ्या शुक्रवारी मी पोळ्या लाटताना तोडगा सांगितला आणि चौथ्या शुक्रवारी नवऱ्यानं तो मांडला: सभागृहं दोन. एकात प्रत्येक कमावत्या माणसाला एक मत, दुसऱ्यात प्रत्येक खोलीला एक मत. कुठलाही नियम दोन्हीकडे मंजूर झाला तरच खरा.

"लई डोकं आहे साहेबांना," ड्रायव्हर म्हणाला.

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी लिहीत होते.

सुट्टीवर गावाला गेलेला माणूस मोजायचा का, यावर एक अख्खा शुक्रवार गेला. शेवटी तो अर्धा मोजायचं ठरलं आणि खूप हशा पिकला. मग नवऱ्यानं सांगितलं की त्या लोकांनीही काही माणसं पाचातली तीन अशी मोजली होती, आणि ती माणसं म्हणजे त्यांचे गुलाम. त्यांना मत नव्हतं, त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांच्या जागा वाढत होत्या. हशा थांबला. मोठ्या खोलीतल्या सहाही जणांचे पासपोर्ट कामावरच्या मालकाच्या कपाटात होते. चहा आणते म्हणून मी उठले.

मला मत नव्हतं, हेही सांगायला हवं. कमावत्याला मत, आणि मी कमवत नव्हते. सिस्टरला दोन्हीकडे मत, कारण खोली तिच्या नावावर. फिलाडेल्फियालाही कागद-शाई घेऊन पुढच्या रांगेत बसलेला एक बुटका माणूस होता, तो सगळं टिपून घ्यायचा. पण त्याला मत होतं. मी तक्रार केली तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, माझं मत म्हणजे तुझंच मत." चारचौघांत मी त्याला अहो म्हणायची, एकांतात तू. त्या दिवशी एकांतात जे म्हणाले ते लिहीत नाही.

शेवटी सात कलमं झाली. सातवं त्या दुबईवाल्याच्या नावानं झालेलं, नाव न घेता: ज्याच्या नावावर खोली आहे तो इथे राहत नसेल, तर त्याच्या घरच्यांनी तीस दिवसांत खोली सोडावी आणि ती खोलीसाठी थांबलेल्यांच्या यादीतल्या पुढच्या माणसाला मिळावी. शिवाय घटना बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं हवीत. हे माझ्या नवऱ्यानं हट्टानं घालून घेतलं. "नाहीतर उद्या कुणीतरी डोळ्यांतून पाणी काढेल आणि आपण विरघळू," तो म्हणाला. मी ते वाक्य कलमात घेतलं नाही, पण वहीत टिपलं.

आमच्या खोलीची, सिस्टरच्या खोलीची आणि मोठ्या खोलीच्या वतीनं वायरमनची, अशा तीन सह्या झाल्या. चौथी जागा काकांसाठी ठेवली. त्यांनी दारातच कागद वाचला, दोन ठिकाणी टायपिंगच्या खुणा करून शुद्धलेखन सुधारलं आणि सही न करता परत दिला. कागद अमेरिकन माणसाच्या फ्रिजवर चिकटवला. साडेचार वर्षं व्हिला त्यावर बरा चालला. न्हाणीघराला कडीही बसली.

त्या सोमवारनंतर आम्ही दोघी त्याला घेऊन गावाला गेलो आणि तेरावा करून परत आलो. कंपनीच्या मंदूबनं, म्हणजे व्हिसाची कागदपत्रं बघणाऱ्या माणसानं, आमचा व्हिसा मेपर्यंत ठेवायचं कबूल केलं. तो इन्शाल्ला म्हणाला आणि त्यानं खरंच केलं. खोलीचं मात्र फ्रिजवर लिहिलेलं होतं. तीस दिवसांतले पंधरा सरले होते. दुसरीकडे दोघींना परवडेल अशी जागा अडीच महिन्यांसाठी कुणी देत नव्हतं, आणि परीक्षेच्या तोंडावर मुलीची शाळा तोडून गावाला नेणं म्हणजे तिचं वर्ष बुडवणं होतं.

सिस्टर शुक्रवारी चर्चमधल्या मासवरून आली ती तशीच सभा बोलवायला. "दुरुस्ती मांडते मी," ती म्हणाली. "आठवं कलम. शाळेचं पोर असेल तर परीक्षेपर्यंत मुदत. त्या अमेरिकेवाल्यांनी पण नंतर दहा दुरुस्त्या चिकटवल्या ना? सांगत होतास ना तू..." ती हॉलमध्ये त्याच्या खुर्चीकडे बघून बोलत होती. मग माझ्याकडे वळली.

अडचण अशी होती की यादीत पुढचं नाव वायरमनचं होतं. तीन वर्षं तो फॅमिली व्हिसासाठी धडपडत होता. व्हिसा आता आला होता. बायको आणि चार वर्षांची मुलगी महिनाअखेरीस येणार होती. त्या मुलीला त्यानं दोनदाच पाहिलं होतं.

"वहिनी, तुमच्याइरुद्ध नाही बघा मी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पण साहेबांनीच लिव्हलंय ते."

"मीच लिहिलंय," मी म्हणाले. एवढ्या वर्षांत त्या हॉलमध्ये माझं ते पहिलं भाषण.

मतं झाली. माणशी मतात आठपैकी सात हात वर आले. वायरमनचा तेवढा खाली. ड्रायव्हर तर दोन्ही हात वर करून बसला होता. मग खोल्यांचं मत. आमची खोली मालकाविना, म्हणून बाद. काकांनी कधी सही केली नव्हती, म्हणून तेही बाद. उरल्या दोन. सिस्टरची खोली माझ्या बाजूनं. मोठ्या खोलीतले सहा जण कोपऱ्यात जाऊन कुजबुजले आणि ड्रायव्हर मान खाली घालून परत आला. "खोलीचं मत इरोधात," तो म्हणाला. "वहिनी, आमचीबी नावं यादीत आहेत. आज त्याचा नंबर मोडला तर उद्या आमचा कोण धरंल?"

म्हणजे त्याच माणसांनी हातानं मला मत दिलं आणि खोलीनं त्याला. दोन सभागृहं कशासाठी असतात, हे मला पुस्तकानं चाळीस पानांत सांगितलं होतं. त्यांनी पाच मिनिटांत दाखवलं. दुरुस्ती पडली. मी रागवायचं कुणावर? तोडगा माझा, अट माझ्या नवऱ्याची, अक्षर माझं.

मुलगी खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. "सो बाबा इज थ्रोइंग अस आउट," ती म्हणाली आणि हसली. गावाहून आल्यावर ती पहिल्यांदा हसली. मग मीही हसले, आणि ते थांबेना. सिस्टरनं पाणी आणलं.

तेवढ्यात जिन्याखालचं दार उघडलं. काका बनियनवर टॉवेल टाकून उभे. भिंती पातळ होत्या, सगळं ऐकू जायचं.

"माझी सही खंय आसा तेच्यार?" ते म्हणाले.

"तेच म्हणतोय काका, तुम्हाला मत नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"मत कोणाक होया? माझी सही नाय म्हणजे माझ्या खोलीक तुमचो कायदो लागू नाय. तीस दिवस नाय, यादी नाय. ती दोघां माझ्या खोलीत ऱ्हवतीत. ह्येची बायल येतली ती त्यांच्या खोलीत. आणि मी जातंय ह्येच्या खाटीर." त्यांनी वायरमनकडे बोट दाखवलं. "घोरतास कोण कोण, तेवढा आधी सांगा."

वायरमननं फ्रिजवरचा कागद पुन्हा वाचला. नियमात बसत होतं. नियमाच्या बाहेर असल्यामुळे बसत होतं.

मी म्हणाले, "काका, कसं..."

"यल्ला, सामान हलवा," ते म्हणाले. "माका उद्या ऑफिस आसा."

जिन्याखाली आम्ही साडेतीन महिने काढले. छत एका बाजूला इतकं उतरतं होतं की मुलगी बसून अभ्यास करायची आणि उभी राहिली की डोकं आपटायची. वायरमनची बायको आली. ती रोज सकाळी एक भाकरी आमच्या दाराशी ठेवून जायची आणि मी दिसले की पदर नीट करून आत पळायची, जणू खोली तिनं चोरली होती. काका मोठ्या खोलीत सहाजणांत झोपायचे आणि सकाळी कोण कोण कसं घोरलं ते आम्हाला करून दाखवायचे. ऐंशी टक्के आवाज त्यांचेच होते, असं ड्रायव्हरचं म्हणणं.

परीक्षा झाली. मुलगी पास झाली. इतिहासात सगळ्यात कमी गुण पडले. मला एका शाळेच्या लायब्ररीत नोकरी मिळाली, माझ्या स्वतःच्या व्हिसावर, आणि आम्ही बिन महमूदला एका खोलीत गेलो. निघायच्या दिवशी मी तो कागद फ्रिजवरून काढला आणि काकांपुढे धरला. म्हटलं, आता तरी करा सही.

"आता कित्याक?" ते म्हणाले. "केली आसती तर तू रस्त्यार आसतंस."

काका पुढच्याच वर्षी निवृत्त होऊन गावी गेले. सिस्टर आयर्लंडला गेली. व्हिला पाडला, तिथे आता दुकानं आहेत. मुलगी पुण्याला शिकते आणि फोनवर मराठी बोलते. फ्रिज बंद पडला.

पुस्तक माझ्याकडे आहे. त्यात नवऱ्याची कसलीही खूण नाही, कारण त्यानं ते कधी उघडलं नाही. कागदही आहे. त्यावर तीन सह्या आहेत. पहिली त्याची.