चांगुणाकाकींचा एकच भाव

चांगुणाकाकी भाव सांगायच्या आधी पाणी द्यायच्या. दारात कोणीही बॅग घेऊन उभं राहिलं की आधी तांब्या, मग बाकीचं बोलणं. माणूस पाणी प्यायला, त्याने तोंड पुसलं, की म्हणायच्या, "आठशे. दिवा, पंखा, गरम पानी, चादर, माज्या शिव्या, सगलं धरून." नवा माणूस शिव्यांपाशी जरा अडखळायचा. दोन दिवस राहिला की त्याला कळायचं, आठशेतला मोठा वाटा त्यांचाच होता.

बोनकोडे गावात, कोपरखैरण्याच्या सेक्टरांनी चारी बाजूंनी वेढलेलं त्यांचं घर होतं. सासऱ्यांची भातशेती नवं शहर वसवताना सरकारने घेतली, गावठाणातलं घर तेवढं राहिलं. नवरा गेल्यावर काकींनी त्यावर मजला चढवला आणि खोल्या रोजावर द्यायला लागल्या. एपीएमसीच्या घाऊक बाजारात माल घेऊन आलेले बागायतदार, परीक्षेला आलेली मुलं, इस्पितळात कोणी असलेले नातेवाईक, अशी माणसं यायची. मी बार्शीहून महाप्याच्या एका कंपनीत नोकरीला आले, तेव्हा जागा मिळेपर्यंत तिथेच राहिले. पुढे जवळच भाड्याने घर घेतलं, पण रविवारचा चहा काकींकडेच. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी कायमची "बार्शीवाली" झाले.

पाण्याची रीत त्यांच्या सासूबाईंची. त्या मिठागरावर कामाला जायच्या. खाडीकाठी गोडं पाणी लांबून डोक्यावर आणावं लागे, म्हणून ते ज्याला पाजलं त्याच्याशी खोटं बोलायचं नाही असा त्या घरचा नेम होता. काकी म्हणायच्या, "पान्यावर बोललेला भाव बदलत नाय. आपन पन नाय बदलायचा, समोरच्यानं पन नाय."

हा नेम त्यांना एकदा चांगलाच भोवला. आंब्याच्या दिवसांत कोकणातले काही बागायतदार आले. काकींनी सवयीने पाणी दिलं, खोलीचा भाव सांगितला. मग टेम्पोतून त्यांची उरलेली माणसं उतरली आणि सगळी त्याच एका खोलीत शिरली. काकी दारात उभ्या राहून बघत राहिल्या. माणशी किती, हे बोलायचंच राहून गेलं होतं. मी म्हटलं, "आता सांगा ना." त्या माझ्यावरच उखडल्या. "आता कसं सांगू? पानी पिऊन झालाय ना मेल्यांचा!" चार दिवस त्या लोकांनी आठशेत संसार केला आणि चार दिवस काकींनी त्यांचा उद्धार केला. जाताना ते बिचारे आंब्याची पेटी ठेवून जाऊ लागले. काकींनी तीही घ्यायला नकार दिला. भावात नव्हती ना!

एकदा मी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर धरणाकाठी तंबूत राहायला गेले होते. जाहिरातीतला आकडा बघून आम्ही खूश. तिथे पोचल्यावर शेकोटीचे वेगळे, सफाईचे वेगळे, गाडी उभी करायचे वेगळे, आणि सगळे सक्तीचे. थंडी नव्हती, तरी शेकोटीचे भरले. परत आल्यावर हे काकींना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "चांदन्याचं किती घेतलं?"

"ते सोडले, काकी."

"पुढच्या टायमाला घेतील. तुमी देता ना, म्हनून."

त्या माझ्यावर चिडल्या होत्या, कॅम्पवाल्यावर नाही. लुटणाऱ्यापेक्षा मुकाट्याने लुटून घेणाऱ्याचा त्यांना जास्त राग यायचा. मला तेव्हा ते अन्यायाचं वाटलं होतं.

त्यांचा मुलगा रमाकांत हा काही वाईट माणूस नव्हे. कर्ज काढून त्याने आणखी एक मजला बांधला होता आणि हप्ते त्याच्या मानेवर होते. त्याने खोल्या एका अ‍ॅपवर टाकल्या. तिथे भाव दाखवला सहाशे. दारात आल्यावर सफाई शुल्क, चादर शुल्क आणि सुविधा शुल्क मिळून तो नऊशेच्या पुढे जायचा. काकी तेव्हा वरच्या मजल्याची कामं बघत, त्यामुळे बरेच दिवस त्यांना पत्ताच नव्हता.

एका रविवारी मी चहा पीत बसले असताना बीडकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. तिची नर्सिंगची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीला होती. रमाकांतने वरचे आकडे सांगितले, तसे ते गृहस्थ गोंधळले. "मोबाइलवर तर सहाशेच होते की, साहेब."

"खाली बारीक अक्षरांत आहे सगळं. कंपल्सरी आहे ते. माझ्या हातात नाही."

त्यांनी गपचूप बॅग उचलली. मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, आता कुठं जायचं?" तेवढ्यात काकी तांब्या घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दोघांना पाणी पाजलं आणि रमाकांतकडे वळल्या.

"चादर वेगली? मंग खाट काय उघडी देतोस? उद्या भिंतीचं पन लाव. दाराचं लाव. जेवायला बसवून पत्रावलीचं पैसं मागतोस होय रं?"

"आय, सगळं जग असंच करतं. खालचा आकडा दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक येतच नाय."

"मंग जगाला सांग, माज्या दारात येऊ नको."

बापलेक सहाशेतच राहिले. दुपारी काकींनी मला बाहेरच्या भिंतीवर रंगाने लिहायला लावलं : एक खोली, एक भाव. वरून काही नाही. माझं अक्षर वाकडं आलं. काकी म्हणाल्या, "अक्षर वाकरा हाय, बोलना सरल हाय. ऱ्हाऊ दे." थोड्याच दिवसांत कोणीतरी त्या भिंतीचा फोटो अ‍ॅपवर टाकला, आणि अ‍ॅपवाल्यांनी घर यादीतून काढून टाकलं.

रमाकांतचं धाबं दणाणलं. हप्ते तर थांबणार नव्हते. त्याने एक कंपनी गाठली. घर कंपनी चालवणार, दर महिन्याला ठरावीक रक्कम देणार. फक्त घर काकींच्या नावावर असल्यामुळे सही त्यांची हवी होती. काकींना ते मनातून पटलं नव्हतं, पण मुलाचा चेहरा बघून "बोलव त्यांना" म्हणाल्या.

दोन टायवाले आले. काकींनी पाणी दिलं. त्यांनी रक्कम सांगितली. काकींनी विचारलं, "सगलं धरून?"

"हो आजी, सगळं धरून."

मग त्यांच्यातला एकजण करार वाचून दाखवू लागला. मधेच कुठेतरी ब्रँड शुल्क आलं, मग तंत्रज्ञान शुल्क आलं, मग देखभाल शुल्क. सगळी सक्तीची, आणि सगळी काकींच्या रकमेतून कापायची. रमाकांतने मान वर केली. त्यालाही हे कोणी सांगितलं नव्हतं.

"हे स्टँडर्ड असतं, आजी. सगळ्यांनाच लागतं."

काकी उठल्या. रिकामा तांब्या त्यांनी त्या दोघांच्या मधे ठेवला. "माजं पानी पिऊन येक बोललात. आता दुसरं बोलायचं हाय ना? मंग पानी परत द्या."

एकजण हसला. काकी हसल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. दोघांनी कागद गोळा केले आणि जिन्यातले बूट पायात नीट न घालताच गेले. आजही ते आठवलं की मला आनंदाने ओरडावंसं वाटतं.

पण रमाकांतला ओरडावंसं वाटत होतं ते वेगळ्याच कारणाने. कंपनीने कापून दिलं असतं तरी हप्ता सुटला असता, असं त्याचं म्हणणं होतं, आणि हिशेबाने ते खोटं नव्हतं. मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. तो बायको-मुलीला घेऊन घणसोलीला फ्लॅटमध्ये राहायला गेला. जाताना म्हणाला, "तुझा भाव सांभाळ तू. हप्ता पण तूच भर."

काकींनी भरला. स्वतःची खोली त्यांनी भाड्याने दिली आणि जिन्याखाली खाट टाकून झोपायला लागल्या. तिथे डास होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय होते, पावसाळ्यात ओल होती. मला बघवेना. मी म्हटलं, "काकी, आता हट्ट सोडा."

"हट्टच हाय. माजा हाय. फुकटचा थोराच हाय?"

त्या वर्षी रमाकांतने गणपती घणसोलीतच बसवला. काकींनी इथे नेहमीसारखं सगळं रांधलं आणि राहायला आलेल्या लोकांना वाढलं. भांडी घासताना मला म्हणाल्या, "पोरगा नाय आयला. मना लय वाईट वाटला." संध्याकाळी दारात एक जोडपं आलं, तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. आठशे, सगलं धरून.

काकींना जाऊन आता काही वर्षं झाली. घर रमाकांत चालवतो. भाव त्याने वाढवलाय, पण एकच आहे. वरून काही नाही. गावातल्या लोकांना वाटतं, म्हातारीने जाताना मुलाला शपथ घातली असणार. तसं झालं नव्हतं. मी तिथे होते.

काकींच्या छातीचं दुखणं बळावलं तसा रमाकांत रोज यायला लागला होता. एक दिवस त्यांनीच वकील बोलावला. घर मुलाच्या नावावर बक्षीस करून द्यायचं होतं, साक्षीदार म्हणून मला बसवलं होतं. रमाकांत खाली मान घालून खाटेच्या कडेला बसला होता. वकिलाने कागद वाचला आणि विचारलं, "काही अट घालायची आहे का? म्हणजे घर कंपनीला द्यायचं नाही, जादा शुल्क लावायचं नाही, असं काही? घालता येते."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "घाला, काकी. एवढं भोगलंत त्याच्यासाठी." रमाकांतही म्हणाला, "घाल, आय. माझी काय हरकत नाय."

काकींनी उशीचा आधार घेतला आणि उठून बसल्या. दम लागला होता, पण डोळे तेच होते, पूर्वी त्या टायवाल्यांवर रोखले होते ते. पेन हातात घेऊन त्या रमाकांतला म्हणाल्या, "घर तुला दिला, तं दिला. देताना येक बोलायचं आनि वरून हलूच आनखी कायतरी लावायचं, तं मंग मी तुज्याशी भांडले कशाला?"