पॉइंट मीच साफ केले होते

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि आमच्या लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं. बायकोचे वडील देवळाली कॅम्पात लष्कराच्या डेपोत कामाला होते. त्यांनी मुलीला डी.एड. केलं. त्यांच्या वस्तीत एवढं शिकलेली ती पहिलीच मुलगी. लग्न ठरताना त्यांनी माझ्याकडे एवढंच मागितलं होतं, "तिला नोकरी करू द्या." मी हो म्हणालो होतो, आणि ते मनापासून म्हणालो होतो.

मग पिंपळगाव बसवंतच्या एका शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं. सोमवार, सकाळी दहा. बायको म्हणाली, "मी सातच्या बसने नाशिकला सीबीएस स्टँडवर जाते. तिथून पिंपळगावची एसटी मिळेल."

"घरात मोटरसायकल असताना एसटीत कशाला चेंगरायचं?" मी म्हणालो. "तासाभरात सोडतो तुला." त्यासाठी मी सकाळची पाळी बदलून दुपारची घेतली.

मोटरसायकल सेकंडहँड होती, पण इंजिन मी स्वतः खोलून बांधलं होतं. कॉलनीत कोणाचीही गाडी अडली की मला हाक यायची. त्याचा मला अभिमान होता, आणि तो जरा जास्तच होता.

रविवारी संध्याकाळी मी गाडी तयार करायला घेतली. इंजिनाच्या बाजूला एका गोल झाकणाखाली पॉइंट असतात. त्यांची उघडझाप होते तेव्हा प्लगला ठिणगी मिळते. ते मी काढून बारीक पॉलिश पेपरने घासले, गॅप लावला, झाकण बसवलं आणि हात धुतले.

"एकदा चालू करून बघा ना," बायको दारातून म्हणाली.

"बघायचं काय त्यात?"

काम झालं की मशीन चालवून बघायची, हा कारखान्यातला पहिला धडा. नवीन लोकांना तो मीच शिकवायचो.

सोमवारी आठला ती तयार होऊन बाहेर आली. इस्त्रीची सुती साडी, हातात सर्टिफिकिटांची पिशवी. मी किक मारली. काही नाही. चोक ओढून मारली. तरी नाही. दहा-बारा किका झाल्यावर मी पाने काढले.

आधी पेट्रोल बघितलं. कार्बोरेटरपर्यंत येत होतं. प्लग काढला, तर तो पेट्रोलने ओला. म्हणजे पेट्रोल पोचतंय, ठिणगी पडत नाही. प्लग इंजिनावर टेकवून किक मारली. ठिणगी नव्हती. नवा प्लग लावला, तीच गत. बॅटरी तपासली. दिवा लागत होता, हॉर्न वाजत होता.

"मी बसने जाऊ का? अजून वेळ आहे," ती म्हणाली.

"पाच मिनिटं थांब."

तेवढ्यात समोरचे शेजारी स्कूटरवर रात्रपाळीवरून आले. आमची अवस्था बघून त्यांनी स्कूटर बंदही केली नाही. "वहिनींना सीबीएसवर सोडतो मी. चला वहिनी." ती ओट्याची पायरी उतरली.

"नको नको," मी म्हणालो. "आत्ता होईल चालू."

का म्हणालो, हे मला चांगलं ठाऊक आहे. कॉलनीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोला दुसऱ्याच्या स्कूटरवर जावं लागलं, असं व्हायला नको होतं. शेजारी घरात गेले. ती पुन्हा पायरीवर उभी राहिली.

मी प्लगची वायर बदलली. टाकी उतरवून, ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलची जोडणी तपासली. सगळीकडे बघून झालं, पॉइंटकडे फक्त गेलो नाही. पॉइंट कालच मी साफ केले होते. तिथे काही असणं शक्यच नव्हतं. शेवटी बघायला काहीच उरलं नाही, तेव्हा ते झाकण उघडलं. पॉइंटच्या स्क्रूखाली नखाएवढी फायबरची वॉशर असते. पत्र्याला वीज लागू नये म्हणून ती असते. ती मी चुकीच्या बाजूला बसवली होती. सगळी वीज तिथेच पत्र्यात उतरत होती. वॉशर जागेवर घातली आणि पहिल्या किकला इंजिन सुरू झालं. साडेनऊ वाजून गेले होते.

"काय झालं होतं?" तिने विचारलं.

"कॉइल," मी म्हणालो.

हायवेवर कांद्याच्या टेम्पोंची रांग लागली होती. शाळेत पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाई, तुमचं नाव आम्ही दोनदा पुकारलं. आता निवड झाली." ती "बरं सर" म्हणाली, नमस्कार केला आणि बाहेर आली. मी तिला घरी आणून सोडलं. त्या दिवशी मी पाळीला वेळेवर हजर होतो.

पुढे तिने आणखी दोन ठिकाणी अर्ज केले. बोलावणं आलं नाही. मुलगी झाली, माझी आई आजारी पडली, आणि अर्ज करणं थांबलं. मग ती कॉलनीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली. पोरं तिला बाई म्हणायची. पाळीवरून आलो आणि आत पाढे चालू असले की मी ओट्यावरच बसून राहायचो. असा आवाज शाळेच्या वर्गात ऐकू यायला हवा होता, असं दर वेळी वाटायचं.

सात-आठ वर्षांनी गाडी विकली, त्या संध्याकाळी मी तिला खरं सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"कॉइल नव्हती गेली. वॉशर मी चुकीची बसवली होती."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "कॉइल गेली असती तर नवी न लावता गाडी चालू कशी झाली असती? मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग ते जुनं होऊन गेलं." काडीची पानं खुडत ती म्हणाली, "वॉशरचं मला काही नाही. चूक होते माणसाची. पण मी पायरी उतरले होते. तुम्ही नको म्हणालात आणि मी थांबले. मी का थांबले, हे अजून मनातून जात नाही."

तिची चूक नव्हती, थांबवणारा मी होतो, असं मी म्हणालो. माफीही मागितली.

"असू द्या," ती म्हणाली, आणि मान वर न करता पुढची काडी उचलली.